कापूस, खडी आणि सरकार

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारपत्रकावर प्रॉव्हिडंट फंड आणि आयकराच्या खाली एक किरकोळ कपात दिसते. व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत तेवढे 300. वर्षाचे अडीच हजार होतात आणि राज्यघटनेने या कराला घालून दिलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. रक्कम इतकी लहान की तिच्याबद्दल कोणी अकाउंट्स विभागात जाऊन विचारत नाही. हा कर 1975 साली आला तो एका ठरावीक कामासाठी. खेड्यात जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचे होते आणि त्याचा पैसा शहरातल्या पगारदाराने, दुकानदाराने, वकील-डॉक्टरने थोडा थोडा उचलायचा होता. करातून जेवढे जमतील तेवढेच सरकारने आपल्या तिजोरीतून घालायचे, असेही ठरले.

सरकारने किती करावे आणि किती करू नये, हा वाद आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून चालतो. एक म्हणतो, सरकारने हात लावला की सोन्याची माती होते. दुसरा म्हणतो, बाजार गरिबाला गिळतो, तेव्हा सगळे सरकारच्या ताब्यात हवे. दोघांकडेही दाखल्यांची कमतरता नसते. मात्र महाराष्ट्राने गेल्या पन्नास-साठ वर्षांत दोन्ही टोकांचे प्रयोग खऱ्या पैशांनी आणि खऱ्या माणसांवर करून पाहिले आहेत, आणि त्यांचे निकाल दोन्ही बाजूंना अडचणीचे आहेत.

वाद तसा जुनाच. 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे भारतीय अर्थशास्त्रावर बोलले, तेव्हा इंग्लंडातली ‘सरकारने व्यापारात पडू नये’ ही शिकवण जणू निसर्गनियम असल्यासारखी इथल्या कॉलेजांत शिकवली जात होती. रानड्यांचे म्हणणे असे की, तो नियम इंग्लंडच्या परिस्थितीतून निघाला आहे. भांडवल दुर्मीळ आणि उद्योग नुकते रांगणारे अशा देशात सरकारला हात द्यावाच लागेल. ते सांगत होते ते बरोबरच होते. तरी गंमत अशी की, डच सरकारने जावा बेटावर राबवलेल्या सक्तीच्या पीकपद्धतीचे त्यांना कौतुक वाटे आणि त्या पद्धतीने जावातल्या शेतकऱ्याचे काय हाल केले हे एका डच कादंबरीकाराने 1860 सालीच जगापुढे मांडले होते. सरकारने हात द्यावा हे मान्य झाले तरी तो हात नेमका कुठे द्यायचा, हे मोठ्या माणसांनाही चकवते.

1972 साल हे त्याचे सगळ्यात बोलके उदाहरण. त्या वर्षी वसंतराव नाईकांच्या सरकारने दोन मोठ्या योजना हाती घेतल्या. एक रोजगार हमी, दुसरी कापसाची एकाधिकार खरेदी. सरकार तेच, अधिकारी तेच, हेतूही दोन्हीकडे नेक. पहिली योजना पुढे साऱ्या देशाच्या कायद्याला नमुना ठरली. दुसरीने हजारो कोटींचा तोटा करून ठेवला.

रोजगार हमीचे मूळ सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे तिथले. 1965 मध्ये त्यांनी आपल्या भागात लहान प्रमाणावर प्रयोग केला. काम मागणाऱ्याला बांधबंदिस्तीसारखे काम द्यायचे आणि केलेल्या कामावर मजुरी द्यायची. पुढे काही विकासगटांत तो वाढवला गेला. योजना राज्यभर जाते न जाते तोच 1972चा दुष्काळ अंगावर आला आणि सगळी यंत्रणा दुष्काळी कामांकडे वळवावी लागली.

त्या वर्षाची आठवण मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात अजून जिवंत आहे. रेशनवरचा तांबडा मिलो, मुलांना वाटलेली सुकडी आणि खडी. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग, त्यांच्यापुढे डोक्याला फडके बांधून बसलेल्या बायका, हातात हातोडी. ज्यांच्या घरात वीस-वीस एकर कोरडवाहू जमीन होती तेही त्या रांगेत बसले होते. फोडलेली खडी ब्रासवर मोजायची, मातीकाम असेल तर खणलेल्या चौकड्या मोजायच्या, मुकादमाने हजेरीपटावर नाव घालायचे आणि आठवड्या-पंधरवड्याने पैसे. 1973च्या उन्हाळ्यात अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसे होती. भूकबळींचा जो आकडा एकेकाळी अशा दुष्काळात अटळ मानला गेला असता, तो टळला.

अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यातला एक मुद्दा दोन्ही टोकांच्या मंडळींनी वाचावा असा आहे. रेशनमधून मिळणारे धान्य गरजेच्या मानाने थोडेच होते. मग लोक जगले कशावर? हातात मजुरीचे पैसे होते आणि पैशांमागे धान्य आले. शेजारच्या राज्यांतून, व्यापाऱ्यांच्या ट्रकमधून, पुष्कळदा धान्याच्या राज्यबंदीचे नाके चुकवून. म्हणजे सरकारने जे दिले ते काम आणि मजुरी. धान्य हलवले ते व्यापाऱ्याने, तेही सरकारने अडवलेले असताना. एकट्या सरकारला ते जमले नसते. एकटा व्यापारी तर तिकडे फिरकलाच नसता, कारण ज्याच्या खिशात दमडी नाही त्याच्या गावी धान्याचा ट्रक कोण नेतो?

त्याच सुमारास दिल्लीत काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. एप्रिल 1973 मध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या ताब्यात घेतला. व्यापाऱ्याला हटवले की साठेबाजी संपेल आणि भाव खाली येतील, असा हिशेब होता. शेतकऱ्याने गहू घरात ठेवला, सरकारी खरेदी अपेक्षेइतकी झाली नाही आणि भाव चढले. वर्षभरात, 1974 मध्ये, निर्णय गुपचूप मागे घेतला गेला.

दुष्काळ सरला तरी काम मागणारे सरले नाहीत. शेतमजुरांचे मोर्चे निघत राहिले, डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी तहसील कचेऱ्यांवर धरणी धरली, आणि 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी सरकारवर आली. 2005 मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

योजनेत खोट नव्हती असे मुळीच नाही. हजेरीपटावर मेलेल्या माणसांच्या सह्या-अंगठे सापडले. पाझर तलाव अर्धवट राहिले. जे पुरे झाले त्यांचे पाणी बहुतेकदा ज्याची जमीन खाली होती त्याच्या विहिरीला गेले, खणणाऱ्याच्या नव्हे. मजुरी रखडण्याची तक्रार तर योजनेइतकीच जुनी. 1988 मध्ये रोजगार हमी योजनेची, म्हणजे रोहयोची, मजुरी जवळपास दुप्पट झाली, आणि त्यानंतर कामावरची उपस्थिती घटत गेली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी त्या काळाचे आकडे तपासून दाखवले की, मजुरी वाढल्यावर काम मागणारे कमी झाले नव्हते, सरकारने कामे काढण्यातच हात आखडता घेतला होता. हमी कागदावर राहिली आणि प्रत्यक्षात कामाचे रेशनिंग सुरू झाले. गरिबाला जास्त मिळावे हा आग्रह चुकीचा नाही, पण तिजोरीत तेवढी भर न घालता तो केला की पहिला बळी दाराशी उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाचा जातो.

इतके असूनही योजना टिकली, आणि टिकली ती तिच्या रचनेतल्या एका साध्या गुणामुळे. तिथे यायची सक्ती कोणावर नव्हती. काम कष्टाचे, मजुरी बेताची, त्यामुळे ज्याची खरीच नड आहे तोच येई. पाऊस पडला, शेतीची कामे निघाली की हजेरीपट आपोआप रिकामा होई. दुष्काळात भरून जाई. मालकाने मजुरी पाडायचा प्रयत्न केला तर मजुराला म्हणता येई, जातो रोहयोवर. मजूर बाई फार बोलत नसेल, पण न बोलता निघून जायची सोय तिला या योजनेने करून दिली, आणि कामावर येणाऱ्यांत बायकांचे प्रमाण कायम मोठे राहिले ते उगाच नव्हे.

आता कापूस.

वऱ्हाडच्या कापसात सरकार पहिल्यांदा उतरले ते 1972च्या बरेच आधी. कारंजा लाडची बाजारपेठ 1886 मध्ये नियंत्रित झाली आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. इंग्रजांना शेतकऱ्याचा कळवळा होता असे कोणी समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस वेळेवर हवा होता आणि त्यासाठी बाजारात थोडी शिस्त लागत होती. पण त्या कायद्यांनी जे काम सरकारकडे दिले ते नेमके होते. वजनकाटा खरा आहे का बघायचे, बाजार कुठे भरेल ते ठरवायचे, तोलणाऱ्या-मापणाऱ्याला परवाना द्यायचा. खरेदी व्यापाऱ्याने करायची, विक्री शेतकऱ्याने. सरकार मधे उभे, हातात काटा घेऊन.

हे पुरेसे होते का? नव्हते. काटा खरा झाला तरी भाव खरा होत नाही. दिवाळीच्या तोंडावर शेतकऱ्याला पैशांची निकड, व्यापाऱ्याला नाही. वेचणीचा भर असताना भाव पडलेले आणि माल व्यापाऱ्याच्या गोदामात गेला की चढलेले, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले होते. शिवाय शेतकरी विकतो कापूस, आणि नफा मिळतो तो रुई, सरकी आणि गाठी विकणाऱ्याला. या रागातून एकाधिकाराची कल्पना निघाली आणि ती कागदावर मोठी देखणी होती. कायदा 1971चा, अंमल 1972-73च्या हंगामापासून. राज्यातला सगळा कापूस सरकारच्या वतीने पणन महासंघ घेणार, जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विकणार, शेतकऱ्याला आधी हमीभाव मिळणार आणि विक्रीत फायदा झाला तर वर बोनस. व्यापारी मधून बाद.

पहिल्या काही वर्षांत शेतकरी खूशही होता. भाव ठाऊक असणे ही कोरडवाहू शेतीत लहान गोष्ट नाही. पण एकच गिऱ्हाईक उरले की त्याचा चेहरा हळूहळू बदलतो. संकलन केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग लागे; एक रात्र, दोन रात्री, कधी त्याहून जास्त. आत ग्रेडर मूठभर कापूस घेई, चिमटीत तंतू ओढून पाही आणि प्रत ठरवी. वरची प्रत की कवडी, हे त्या चिमटीत ठरायचे, आणि क्विंटलमागे फरक मोठा. भाव पटला नाही तर बंडी फिरवून दुसरीकडे नेता येत नव्हती, कारण दुसरीकडे विकणे हा गुन्हा होता. मग ग्रेडरला चहापाणी करण्याची रीत पडली. व्यापाऱ्याच्या दारात जे होत होते तेच सरकारी केंद्रावर होऊ लागले. फक्त तिथे निदान दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाता येई. विकलेल्या मालाचे चुकारे हप्त्यांनी आणि महिनोन्‌महिने उशिरा. लग्न ठरलेले, बियाण्याचे पैसे द्यायचे, हातात मात्र सरकारी पावती.

राज्याच्या सीमेवर तर रोज नाटक. गुजरात, मध्य प्रदेश, आंध्रात भाव चढा असला की रात्रीतून कापूस सीमेपलीकडे; सरकारने नाके बसवले, पोलीस बसवले, आणि जिथे नाका तिथे दरही ठरला. बाहेर भाव पडला की उलटा प्रवास, शेजारच्या राज्यांतला कापूस महाराष्ट्राच्या केंद्रांवर. म्हणजे महागाईत महासंघाला माल मिळायचा नाही आणि मंदीत नको तेवढा मिळायचा. असा धंदा कुठल्याही कसलेल्या शेटजीला दोन हंगामांत बुडवेल. त्यातच 1990च्या दशकात केंद्राच्या हमीभावाच्या वर ‘आगाऊ वाढीव भाव’ देण्याची प्रथा पडली. किती द्यायचा हे बाजार बघून ठरण्याऐवजी निवडणुकांकडे बघून ठरू लागले. कर्ज राज्य सहकारी बँकेचे, हमी राज्य सरकारची, तोटा अखेर सगळ्यांचा.

शरद जोशींनी शेतमालाच्या रास्त भावासाठी रान पेटवले आणि विदर्भात त्यांच्या सभांना कापूस उत्पादक लाखोंनी लोटले. एवढा मोठा शेतकरी नेता सरकारी खरेदीच्या बाजूचा असेल, असे बाहेरच्यांना वाटे. जोशींचे म्हणणे नेमके उलटे होते. सरकार शेतकऱ्याला देते त्यापेक्षा निर्यातबंदी, लेव्ही आणि बंद्यांच्या मार्गाने काढून जास्त घेते, असा त्यांचा हिशेब होता. ‘उणे सबसिडी’ हा शब्द त्यांनीच रुळवला. एकाधिकाराच्या बाबतीत काळाने त्यांना पुष्कळ अंशी खरे ठरवले. मात्र सरकारने पूर्ण बाजूला व्हावे या त्यांच्या दुसऱ्या आग्रहाबद्दल तसे म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा पुढच्याच काही वर्षांत मिळाला.

नव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत एकाधिकार मोडीत निघाला. खासगी व्यापारी परत आले, बंड्यांच्या रांगा ओसरल्या, रोख पैसे मिळू लागले. पण त्याच सुमारास वाढीव भाव गेला, जागतिक बाजारात अमेरिकेच्या अनुदानित कापसाने भाव दाबून धरलेले, नव्या बीटी बियाण्याचा खर्च वाढलेला, पाण्याची सोय नाही आणि बँकेचे कर्ज नाही म्हणून सावकार. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या सहा जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. या आत्महत्यांचे खापर एकट्या एकाधिकार संपण्यावर फोडणे चूक. कारणे अनेक होती. पण तीस वर्षे ज्या शेतकऱ्याला एकाच दाराशी उभे राहायची सवय लावली, त्याला दार बंद करताना दुसऱ्या कशाची तजवीज केली नव्हती, हे नाकारता येणार नाही. सिंचन, पतपुरवठा, पीक विमा, गोदाम ही सरकारची खरी कामे. ती होती तिथेच पडून होती, कारण सरकार तीस वर्षे गाठी विकण्यात गुंतले होते.

आज कापसात जी व्यवस्था आहे ती दोन टोकांच्या मधली आहे. व्यापारी खरेदी करतो, गावात येऊन खेडा खरेदीही करतो. बाजारभाव हमीभावाखाली गेला तर भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हमीभावाने घेते. शेतकऱ्यावर सक्ती कसलीच नाही. भाव चांगला असेल त्या वर्षी सीसीआयच्या केंद्रांवर कुत्रे फिरकत नाही, आणि तेच योग्य आहे. वाईट वर्षी तिथे रांगा लागतात. रोजगार हमीचा हजेरीपट जसा भरतो-ओसरतो, तसेच हे. दोष आहेत. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, 12 टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यापुढे माल परत. दिवाळीच्या आसपास वेचलेल्या पहिल्या कापसाला ओल असतेच आणि पैशांची गरजही तेव्हाच असते, म्हणून तो व्यापाऱ्याकडे कमी भावात जातो. केंद्रे उशिरा उघडतात हीही दरवर्षीची रड. तरीही हे दोष दुरुस्त करता येण्यासारखे आहेत. एकाधिकाराचा दोष त्याच्या मुळातच होता.

या दोन योजना शेजारी ठेवल्या की ‘सरकार हवे की बाजार’ हा प्रश्न जरा निरुपयोगी वाटू लागतो. जास्त उपयोगाचे प्रश्न दोन. एक, माणसाला तिथून उठून दुसरीकडे जाता येते का? आणि दोन, फसले तर पैसे कोणाचे जातात? हे प्रश्न सरकारी योजनेला जितके लागू तितकेच खासगी प्रकल्पालाही, आणि तिथे तर ते विचारायचे राहूनच जातात.

दाभोळचा एन्रॉन प्रकल्प हा खासगीकरणाचा झेंडा म्हणून आला. 1992 मध्ये बोलणी, 1993 मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी करार. जागतिक बँकेने त्याच वर्षी प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारले होते. करारानुसार वीज घेतली किंवा न घेतली तरी मंडळाने ठरलेला स्थिर आकार भरायचा होता, हिशेब डॉलरशी बांधलेला, आणि पैसे थकले तर राज्य सरकारची हमी, तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी. 1995 मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, पुढे नव्याने वाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. मे 1999 मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली, 2001 मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉन कंपनीनेच अमेरिकेत दिवाळे काढले. या व्यवहारात बाजाराचे काय होते? गिऱ्हाईक एकच, त्याला उठून जायची मुभा नाही. विकणाऱ्याला तोट्याची भीती नाही. एकाधिकार कापूस खरेदी आणि दाभोळ ही दोन टोके मानली जातात, पण करार उघडून पाहिले तर ती सख्खी भावंडे निघतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची गोष्ट त्याच दशकातली आणि त्याहून गुंतागुंतीची. खासगी कंपनीला रस्ता बांधायला द्यायचा विचार होता. आलेली निविदा 3,600 कोटींच्या घरातली होती आणि आपण ती नाकारून सुमारे 1,600 कोटींत रस्ता करून दाखवला, असे तेव्हाचे बांधकाम मंत्री नितीन गडकरी अजूनही सभांमधून सांगतात. 1996 मध्ये रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले, रोखे काढून पैसा उभा केला गेला आणि रस्त्याचे तुकडे पाडून वेगवेगळ्या कंत्राटदारांना दिले गेले. 94.5 किलोमीटरचा हा रस्ता 2002 मध्ये पुरा झाला. मालकी आणि नियोजन सरकारकडे, बांधकाम खासगी आणि त्यातही स्पर्धा. इथवर सगळे नमुनेदार. मग 2004 मध्ये 15 वर्षांची टोलवसुली 918 कोटी रुपये आगाऊ घेऊन एका खासगी कंपनीला दिली गेली, आणि तिथून पुढची पंधरा वर्षे रोज किती गाड्या गेल्या, किती पैसे जमले, टोल कधी संपणार यावर माहिती अधिकाराचे अर्ज, याचिका आणि आंदोलने चालली. रस्ता चांगला होता. मीटर कोणाच्या हातात आहे हे लोकांना दिसत नव्हते. 1897च्या कायद्याने वऱ्हाडात जे पहिले काम सरकारकडे दिले होते, काटा खरा ठेवण्याचे, तेच इथे सुटले होते.

काटा नीट सांभाळला की काय होते याचे उदाहरण आता प्रत्येक भाजीवालीच्या गाडीवर चिकटवलेले आहे. एप्रिल 2016 मध्ये सुरू झालेली यूपीआय पद्धत चालवणारी संस्था मुंबईत आहे. ती सरकारी खाते नाही आणि नफ्यासाठी काढलेली कंपनीही नाही. बँकांनी मिळून स्थापन केलेली, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली. रूळ सामाईक, गाड्या खासगी, आणि एका ॲपचा कंटाळा आला तर पैसे न गमावता दुसऱ्यावर जाता येते. तिचा खर्च पुढे कोणी सोसायचा हा प्रश्न मात्र अजून लोंबकळत आहे.

सरकारच्या हातात आणखी एक हत्यार असते, आणि मधल्या मार्गाच्या चर्चेत ते नजरेतून सुटते. सरकार काही विकत घेत नाही, चालवत नाही, फक्त एका अधिसूचनेने सीमेवरचे दार लावते किंवा उघडते. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि मे 2024 मध्ये किमान निर्यात किंमत व 40 टक्के शुल्क लावून सुरू झाली. लासलगावच्या बाजारात त्या दरम्यान ज्याने कांदा विकला त्याचे नुकसान कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा देणे हा सरकारचा हेतू वाईट नव्हता. त्याचा खर्च मात्र व्यवसाय करासारखा सगळ्यांमध्ये थोडा थोडा वाटला गेला नाही. तो सगळा नाशिक-नगर-पुण्याच्या शेतकऱ्यावर पडला.

कापसाचेही तेच झाले. 2025-26च्या हंगामासाठी केंद्राने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये ठरवला. वेचणीला अजून अवकाश असताना, ऑगस्ट 2025 मध्ये, अमेरिकेच्या वाढीव शुल्काने अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वर्षअखेरपर्यंत. गिरणीवाल्यांची अडचण खोटी नव्हती. पण बाहेरचा स्वस्त कापूस आत आला की देशातला भाव हमीभावाच्या खाली जायचा आणि मग सीसीआयला जास्त कापूस घ्यावा लागायचा, हे यवतमाळच्या कुठल्याही अडत्याने बोटांवर मोजून सांगितले असते. त्या हंगामात सीसीआयला कापूस विकायचा तर आधी मोबाइलवरच्या ॲपवर नोंदणी करायची होती. सातबारा, पेरा, आधार, सगळे त्यावर चढवायचे. ज्याला ते जमले नाही त्याचा कापूस खेडा खरेदीत गेला.